बरणीबाबांचं गुलाबी पाणी आणि एकशे पंधरा सुखी घरं

सभागृहात खुर्च्या एकशे वीस. त्या दिवशी मी मोजली तेव्हा माणसं तीनशेच्या पुढं गेली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसलेली बारा निराळी. एवढी गर्दी आमच्या गावात एरवी दोनच कारणांनी होते, मतदान आणि भांडण. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. उलट जो तो स्टेजवर चढून सांगत होता, की माझं कुणाशी भांडण नाही, मला काही कमी नाही, मी तृप्त आहे. आणि तो तसं म्हणाला, की काचेच्या बरणीतलं नितळ पाणी गुलाबी होत होतं.

स्टेजवर बरणीबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बरणी घेऊन आले म्हणून बरणीबाबा, इतका सरळ मामला. वय पंचेचाळिशीचं, दाढी साठीची, आवाज पंचविशीचा. शेजारी दोन शिष्य. एकाच्या हातात पाण्याचा पत्र्याचा डबा, दुसऱ्याच्या हातात घंटी.

रीत अशी. माणूस पुढं आला, की बाबा त्याच्या तळहातावर चिमूटभर राख ठेवायचे. ही राख म्हणे हिमशिखरावरच्या न विझणाऱ्या अग्नीची. बाबा ज्या चपला घालून आले होते त्या हिमशिखरावरच्या वाटत नव्हत्या, पण ते असो. माणसानं राख बोटांना चोळायची, मोठ्यानं म्हणायचं, “मी समाधानी आहे, माझी तक्रार नाही,” आणि बोटं बरणीत बुडवायची. पाणी गुलाबी झालं की घंटी वाजायची. मग शिष्य बरणी विसळून डब्यातलं ताजं पाणी भरायचा आणि पुढच्याचा नंबर लागायचा.

बाबांचं तोंड या सगळ्यात एकदाही बंद नसायचं. “पोटात नाही तक्रार, त्याच्या बोटात गुलाबाची धार. जो कुरकुरला तो कोरडा राहिला. पाणी खोटं बोलत नाही बाळांनो, पाण्याला कुठं जीभ आहे?” यावर लोक माना डोलवत. पाण्याला जीभ नाही हे सत्य गावाला जणू त्या दिवशीच कळलं होतं.

कोरडं राहण्याचा मान एकालाच मिळाला, पहिल्याच दिवशी. आमचा सायकलवाला. पंक्चर काढता काढता रस्त्याला, नळाला आणि गावच्या प्रमुखांना शिव्या घालणं हा त्याचा जोडधंदा. तोही स्टेजवर गेला, समाधानी आहे म्हणाला, बोटं बुडवली. पाणी ढिम्म. बाबांनी एक लांब उसासा टाकला आणि म्हणाले, “लेकरा, ओठांवर एक आणि पोटात एक.” तीनशे माणसांच्या नजरा त्याच्यावर. बिचारा खाली उतरला तो सरळ दुकानात जाऊन बसला, शटर अर्धं ओढून. त्यानंतर कुणाच्याही पोटात काही उरलं असेल, तर ते त्यानं पोटातच ठेवलं.

मी दूध संकलन केंद्रावर तपासनीस आहे. रोज सकाळी घरोघरचं दूध येतं, मी त्याचा नमुना घेतो, स्निग्धांश पाहतो, आंबटपणा पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. त्यामुळं लोक मला फॅटभाऊ म्हणतात, अंगावर तोळाभर चरबी नसताना. हे सांगायचं कारण, की बरणीतला तो गुलाबी रंग पाहिल्यावर मला भक्तीनं नव्हे, ओळखीनं गहिवरून आलं. हा रंग मी रोज सकाळी पाहतो. दुधाचा आंबटपणा तपासायला आमच्याकडं एका औषधाची बाटली असते. त्याला दर्शक म्हणतात. पाण्यासारखं रंगहीन. त्याचे दोन थेंब टाकायचे आणि मग खाराचं पाणी थेंबथेंब सोडत जायचं. खार वरचढ झाला की लगेच गुलाबी. तोच गुलाबी, तीच छटा. आणि चुलीतली राख म्हणजे खारच, आजीच्या काळात भांडी तिच्यानंच निघत होती.

हे मी तिथल्या तिथं बोललो असतो तर कथा इथंच संपली असती. पण माझ्या शेजारी आई हात जोडून बसली होती, पलीकडं दादा, आणि दादाच्या मागं भिंतीला टेकून वहिनी. मी घरच्यांच्या देखत बोललो नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी दुसऱ्यांना याच कारणासाठी नावं ठेवणार आहे.

चौथ्या दिवशी संशोधकबाई आल्या. विद्यापीठातल्या, तिशीच्या, डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी आणि पिशवीत एकशे अठरा कागद, गावातली घरं एकशे अठरा म्हणून. ग्रामीण समाजाचं स्वास्थ्य हा त्यांचा विषय, आणि पाहणीचा आकडा पुढं आरोग्य कचेरीला जायचा. माणूस म्हणून अगदी सज्जन. चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारी संशोधक मी दुसरी पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वी याच गावात हीच पाहणी झाली होती. तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर घरोघर गेल्या होत्या आणि एकशे अठरापैकी शेहेचाळीस घरांनी ‘बरं चाललंय’ म्हटलं होतं. यंदा बाईंना वेळ कमी होता. प्रमुख म्हणाले, घरोघर कशाला हिंडता, सगळं गाव संध्याकाळी सभागृहातच असतं, तिथंच विचारा.

तिथंच विचारलं. स्टेजखाली टेबल टाकलं, एकेका कुटुंबप्रमुखाला पुकारलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, कुटुंब समाधानी आहे का, काही गरज, काही तक्रार? टेबलाच्या मागं तीन हातांवर बरणीबाबा, मांडीवर बरणी.

एकशे अठरापैकी एकशे पंधरा घरं समाधानी निघाली. उरलेली तीन म्हणजे सायकलवाला, जो आलाच नाही. एक कुलूपबंद घर. आणि गवंडी, जो म्हणाला की बायकोला विचारून सांगतो.

शेहेचाळीसवरून एकशे पंधरा. बाई आकड्याकडं बघतच राहिल्या. बाबांनी तो आकडा हाताबाहेर जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बडबडीत नवं कलम आलं, की आता तर विद्यापीठानंही मोजून पाहिलं बाळांनो, विज्ञानानं गुडघे टेकले. प्रमुख इतके भारावले की त्यांनी बरणीतलं तीर्थ पेलाभर पिऊन टाकलं. पुढचे दोन दिवस ते कुणाला दिसले नाहीत. घरून निरोप असा होता, की ते एकांतात साधना करताहेत. सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसू दाबत म्हणाल्या, बरणीत दर्शकच असेल, तर ते औषध पूर्वी पोट साफ व्हायला देत असत.

मी बाईंना एकदा केंद्रावर गाठून म्हटलं, की असं चारचौघांत विचारून खरं कसं कळेल? त्या शांतपणे म्हणाल्या, की संशोधक स्वतःची मतं, स्वतःची मूल्यं बाजूला ठेवतो. त्या गावात येताना ती वेशीबाहेर ठेवून येतात आणि फक्त मोजतात. मी विचारलं, “आणि काय मोजायचं ते कुठं ठरवता? वेशीबाहेर की वेशीच्या आत?” त्यांनी कागद पिशवीत घातले आणि पिशवी पाठीवर टाकली. राग आला असावा असं मला तेव्हा वाटलं.

इथवर सगळी गंमतच होती. मग आरोग्य कचेरीचं पत्र आलं.

बसथांब्याजवळ आमचा दवाखाना आहे. तीन खोल्या, व्हरांडा, एक नळ. सिस्टर रोज असतात, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. पत्रात लिहिलं होतं, की ताज्या पाहणीप्रमाणं या गावात गरज उरलेली नाही, सबब दवाखाना घाटाखालच्या गावी हलवण्यात येत आहे, महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. प्रमुखांनी पत्र सभेत अभिमानानं वाचून दाखवलं, बक्षीस लागल्यासारखं. आणि पुढं जाहीर केलं की रिकाम्या खोल्या बाबांच्या साधनेसाठी देण्यात येतील. बाबांनी डोळे मिटले. तीन खोल्या, व्हरांडा आणि नळ कुणी तसाच देतो म्हटलं तर माझेही मिटले असते.

घरी आलो तर वहिनी ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या, पायांत दादाच्या चपला. त्यांना सातवा महिना होता आणि स्वतःच्या चपलांत पाय मावत नव्हते. सिस्टर दर तिसऱ्या दिवशी त्यांचा रक्तदाब पाहायच्या. तो वाढत होता. सिस्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की अशा बाईचा दाब हप्ताभर कुणी पाहिला नाही तर बाळही जाऊ शकतं आणि तीही. घाटाखालचं गाव चौदा किलोमीटर. बस दिवसातून दोन.

आणि दादानं पाहणीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की घरात सगळं उत्तम आहे.

मी वहिनींना विचारलं, की तुम्ही मागंच उभ्या होता, का बोलला नाहीत?

“शंभर माणसांपुढं ह्यांना खोटं पाडू?” त्या म्हणाल्या. चाकू थांबला. “आणि खरं सांगू का भाऊजी, मला वाटलं सगळ्या बायका बऱ्या आहेत. त्यांचं पाणी गुलाबी होतंय. माझंच काहीतरी बिनसलंय. मग कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं?”

“तुमचं पाणी?”

“झालं ना गुलाबी. मी खोटं बोलले आणि तरी झालं. त्या दिवसापासून मला वाटतंय, मी देवालाही फसवलं.”

म्हणजे पायांची सूज होतीच, वर हे पाप.

आमच्या घरात दुखणं उंबऱ्याच्या आत ठेवायचं, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडील दोन वर्षं खोकले आणि पाहुण्यांपुढं तोंडात लवंग धरून बसले. घराचं नाव राखणं हा वाईट गुण नव्हे. त्याच गुणानं आम्ही शेजाऱ्याच्या अडचणीला न बोलावता धावतो. पण त्याच गुणाला सभागृहात खुर्चीवर बसवून प्रश्न विचारला, तर तो काय उत्तर देणार?

त्या दिवसापासून केंद्रावर मी कान उघडे ठेवले. दूध ओतता ओतता माणसं बोलतात, बोलावं म्हणून नाही, हात गुंतलेले असतात म्हणून. आठवडाभरात तेवीस जणांनी मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट सांगितली. सुतारणीला धाप लागत होती. शाळेतल्या शिपायाचा मुलगा महिनाभर बोलत नव्हता. गवंड्याच्या आईला दिसत नव्हतं. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: कुणाला सांगू नका भाऊ, सगळं गाव सुखात आहे, आमचंच असं. घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजारी सोन्याच्या चुलीवर शिजवतोय.

मी सिस्टरांकडं गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि दोन कामं वाटली. बरणीचं माझं, माणसांचं त्यांचं. मी म्हटलं, माणसांचं अवघड. त्या म्हणाल्या, म्हणूनच मी घेतलं.

पुढची सभा सकाळपासूनच भरली होती, तिथं मी रांगेत उभा राहिलो, काखेत गोणपाटाची लांब गुंडाळी. माझा नंबर आला तेव्हा बाबांना नमस्कार करून सांगितलं, की माझ्याआधी मी गावातल्या सगळ्यात जुन्या सेवकाला आणलंय, त्याला जीभ नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी बोलतो. बाबांना वाटलं मूर्तीबिर्ती असेल, त्यांनी कृपेनं मान हलवली. मी गोणपाट सोडलं. आत चौकातल्या हापशाचा दांडा होता. चार वर्षं मोडून पडलेला. चार वर्षांत त्या हापशानं थेंबभर पाणी दिलं नाही.

सभागृहात खसखस पिकली. बाबा राखेचा डबा मागं ओढू लागले. मी म्हटलं, तुमची नको बाबा, मी घरच्या चुलीतली आणलीय. दांड्याच्या टोकाला चोळली, त्याच्या वतीनं मोठ्यानं म्हटलं की हा समाधानी आहे, याची तक्रार नाही, आणि टोक बरणीत बुडवलं.

पाणी गुलाबी झालं. सकाळपासूनच्या कुठल्याही माणसापेक्षा गडद. घंटीवाल्या शिष्यानं सवयीनं घंटी वाजवली.

मागून कुणीतरी म्हणालं, हापसा सुखी झाला, आता पाणी कशाला देईल. मग हसू आवरेना. खिडकीतला एकजण कट्ट्यावरून आत पडला.

मी खिशातून केंद्रातली दर्शकाची बाटली काढली. नळाचं पाणी एका पेल्यात घेतलं, थेंब टाकले, राखेचं बोट बुडवलं, गुलाबी. त्यात लिंबू पिळलं, पुन्हा नितळ. परत राख, परत गुलाबी. तीन वेळा करून दाखवलं आणि सांगितलं, की राख खाराच्या वंशाची, लिंबू आंबट वंशाचं, आणि बाबांच्या पाण्यात मिसळलेलं हे औषध त्या दोघांत कोण वरचढ ते सांगतं. मनाचा यात कुठंही संबंध नाही. वहिनींकडं बघून हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

मग मागच्या दारातून सायकलवाला आत आला. तो इतके दिवस शटरआड बसून एकच विचार करत होता. स्टेजवर चढून त्यानं बाबांच्या मांडीखालून दुसरा डबा ओढून काढला, पहिल्यासारखाच, फक्त झाकणावर ओरखडा. म्हणाला, “मला राख दिली ती यातली. सगळ्यांना त्यातली, मला यातली.” सिस्टरांनी चिमूट घेऊन जिभेला लावली आणि जाहीर केलं, की ही राख नाही, काजळी मिसळलेलं पीठ आहे. पिठानं पाणी रंगत नाही. सायकलवाल्यानं माझ्याकडची राख बोटांना चोळली, म्हणाला, “मी अजिबात समाधानी नाही,” आणि बरणीत डब्यातलं ताजं पाणी ओतून बोटं बुडवली. त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळ्या पडल्या. गावानं त्याची माफी वगैरे मागितली नाही, पण तीन जणांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

आता संपलं असं मला वाटलं. पण प्रमुख उठले. साधनेनंतर ते जरा वाळले होते. म्हणाले, की पाण्याचं जाऊ द्या, पाणी खोटं असेल. पण एकशे पंधरा घरं आपल्या तोंडानं समाधानी म्हणाली, ते तर खरं ना? कागद आहे, सही आहे. बरणीबाबांनी लगेच तो धागा पकडला, की बरणी हे तर निमित्त होतं बाळांनो, अनुभव तुमचा आहे.

आणि गंमत बघा, लोकांनी माना डोलावल्या. बरणीचं बिंग फुटलं होतं, पण शेजाऱ्याच्या सुखावरचा विश्वास शाबूत होता.

सिस्टरांनी निरोप धाडून परत बोलावलेल्या संशोधकबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा मला वाटलं, आता आकड्याची बाजू घेणार. त्या म्हणाल्या, “तो आकडा मी घेतलाय, पण मला तो आता खरा वाटत नाही. मी तक्रार न करण्याला स्वास्थ्य धरलं. तुमच्याकडं तक्रार न करणं ही रीत आहे, हे मी विचारातच घेतलं नाही.” मग माझ्याकडं वळून विचारलं, की तुम्ही दुधाचा नमुना कसा घेता?

मी सांगितलं. कॅन स्थिर उभा असला की साय वर येते. वरचंच दूध घेतलं तर म्हशीसुद्धा लाजतील असा आकडा येतो. म्हणून आधी तळापर्यंत ढवळायचं, मग नमुना.

“मग ढवळू या,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचं काम सुरू झालं.

दवाखान्यातला पडदा स्टेजच्या कोपऱ्यात लावला. पडद्याआड माझ्या केंद्रातले दोन कॅन, तोंडाला फडकं, फडक्याला मूठ जाईल एवढं भोक. प्रत्येक माणसाला, घराला नव्हे, माणसाला, घेवड्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक काळा. एक दाणा उत्तराच्या कॅनमध्ये, उरलेला दुसऱ्यात, म्हणजे कुणाच्या मुठीत काय राहिलं हेही दिसू नये. प्रश्न काय विचारायचा यावर मात्र अर्धा तास गेला. बाईंनी कागदावरचा ‘समाधानी आहात का’ वाचला. सुतारीण म्हणाली, याला हो म्हणायलाच शिकवलंय आम्हाला. गवंडी म्हणाला, तक्रार म्हटलं की कुणाविरुद्ध असं वाटतं, माझी कुणाविरुद्ध नाही. शेवटी प्रश्न ठरवला वहिनींनी, बसल्या जागेवरून, हळू आवाजात: “घरात असं काही दुखणं आहे का, जे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही?” असेल तर काळा, नसेल तर पांढरा. बाईंनी स्वतःच्या छापील प्रश्नावर काट मारून हा लिहिला.

दोनशे एक्याऐंशी माणसं पडद्याआड जाऊन आली. बाबा गेले नाहीत. त्यांचा घंटीवाला शिष्य मात्र गेला.

कॅन टेबलावर पालथा केला आणि बाईंनी स्वतः दहा-दहाचे ढीग लावले. पांढऱ्यांचे सात ढीग आणि वर आठ दाणे. काळ्यांचे वीस ढीग, वर तीन. दोनशे तीन.

  मग एकेक मान वळू लागली. माणसं शेजाऱ्याकडं बघत होती, चोरासारखी आधी, नंतर सरळ. सुतारणीनं गवंड्याच्या बायकोचा हात धरला. बाबांनी काळे दाणे म्हणजे अहंकार, असं काहीतरी सुरू केलं, पण त्यांच्याकडं पाठ करून बसायची कुणाला लाजच वाटेना. थोड्या वेळानं पाहिलं तर आसन रिकामं होतं. दुपारच्या बसनं गेले. बरणी विसरले, घंटी घेऊन गेले.

पण दवाखाना अजून वाचला नव्हता. बाईंनी तिथंच आरोग्य कचेरीला फोन लावला, स्वतःचा आकडा चुकीचा असल्याचं कबूल केलं. पलीकडून उत्तर आलं, की दाण्यांवर निर्णय फिरत नाही. नावं हवीत. कुणाला काय होतंय, कुठले उपचार लागतात, सहीनिशी. यादी आज संध्याकाळपर्यंत आली तर हलवण्याचा हुकूम थांबेल.

सिस्टरांनी कोरा कागद टेबलावर ठेवला. दोनशे तीन काळे दाणे टाकणारी माणसं समोर होती आणि एकही उठेना. पडद्याआड खरं बोलणं निराळं, आणि उघड्यावर नाव लिहिणं निराळं. मी दादाकडं बघत होतो. तो स्वतःच्या पायांकडं बघत होता. त्या दिवशी त्याच्या पायांत जुन्या चपला होत्या, नव्या वहिनींच्या पायांत.

वहिनी उठल्या. भिंतीला धरून, मग खुर्च्यांच्या पाठींना धरून टेबलापर्यंत गेल्या. “माझं नाव लिहा,” त्या म्हणाल्या. “रक्तदाब वाढलाय. पाय सुजतात. डोळ्यांपुढं काजवे येतात. महिनाभर मी घरातही सांगितलेलं नाही, काजव्यांचं.”

काजव्यांचं सिस्टरांनाही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी तिथंच वहिनींना खुर्चीवर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला.

दादा उभा राहिला. मला वाटलं, आता घराच्या अब्रूचं काहीतरी काढतो. तो टेबलाजवळ गेला.  “तिच्या नावाखाली माझं लिहा,” तो म्हणाला. “मी पाहणीत खोटं सांगितलं. मला भीती वाटते, आणि मला तीन महिने झोप नाही. हे आजारात धरतात की नाही माहीत नाही.”

“धरतात,” सिस्टर म्हणाल्या आणि लिहिलं.

मग गवंडी आईला हाताला धरून आला. मग सुतारीण. शाळेचा शिपाई. रांग दारापर्यंत गेली. यादीत एकसष्ट नावं झाली. एकसष्टावं नाव प्रमुखांचं, आजार पोटाचा.

वहिनींना त्याच दुपारी शहरातल्या दवाखान्यात नेलं. दाब इतका चढला होता की डॉक्टरांनी परत पाठवलंच नाही. चौथ्या आठवड्यात मुलगी झाली, दिवस भरण्याआधी, वजनानं कमी, पण रडण्यात कुणाला हार न जाणारी. डॉक्टर म्हणाले, आणायला आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर दोघींचंही सांगता आलं नसतं. आमचा दवाखाना जागेवर आहे. संशोधकबाई दर तीन महिन्यांनी येतात, आणि आता प्रश्न छापण्याआधी गावाला वाचून दाखवतात.

तेव्हा वाचकहो, माझं सरळ मागणं एवढंच. कुणी तुमचं सुख पाण्यात दाखवायला आला तर त्याची राख, त्याचा डबा, त्याचं पाणी हातात घेऊन तपासा. घरचं लिंबू पिळून बघा. आणि कुणी कागदावर दाखवायला आला, विद्यापीठाचा असला तरी, तर विचारा, की हे कुणाला विचारलं, कुणाच्या देखत विचारलं आणि कुणाला विचारायचं राहिलं. मग घरी जा, आणि जो माणूस रोज ‘मी बरा आहे’ म्हणतो, त्याला पुन्हा एकदा विचारा, शेजारी कुणी नसताना, हातातलं काम बाजूला ठेवून.